ताईच्या हक्काचा ओरडा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकते. माझी उभी हयात बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेली. "पुढे सरका, पुढे सरका" करता करता आवाज जो चढला, तो निवृत्तीनंतरही खाली आलेला नाही. पण ही गोष्ट माझी नाही. ही माझ्या थोरल्या बहिणीची आहे, ताईची, जिला राग येतच नाही. आम्हा दोघींना मिळून जो काही राग मिळायचा होता, तो वाटला जात असताना ती बहुतेक कुणाच्या तरी सदऱ्याला काजं करत बसली असणार. सगळा माझ्या पदरात पडला. म्हणून तिच्या वाटचंही मलाच रागवावं लागतं. आत्ता सांगतानाही मी रागातच आहे. ऐकणाऱ्याला त्रास होत असेल तर होऊ दे.

ताई शिंपीण. बाहेरच्या खोलीत दुकान, आतल्या खोलीत संसार. खिडकीपाशी मशीन, मशीनपाशी ताई, आणि ताईच्या तोंडात टाचण्या. लहानपणी तिचा मुलगा काही विचारायचा, तेव्हा ती आधी टाचण्या काढून उशीत खोचायची आणि मग उत्तर द्यायची. तोवर ते पोर प्रश्न विसरून पळालेलं असायचं. भावोजी फार लवकर गेले. मी लग्नबिग्न केलंच नव्हतं, माझी ट्रंक उचलून तिच्याकडे राहायला आले ती आलेच. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, पँटी आखूड करणं, पडदे, असल्या कामांवर तिने पोराला इंजिनियर केलं.

तिची एक खोड आहे. माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी ती त्याच्या कपड्याच्या खालच्या कडेकडे बघते. कड जमिनीला लागत असली की हिच्या जिवाला घोर. "काढा बघू, दोन मिनिटांत करून देते." एकदा बँकेचे मॅनेजर काही चौकशीला आले होते. त्यांना आतल्या खोलीत टॉवेल गुंडाळून बसवलं आणि पँट आखूड करूनच सोडलं. त्या माणसाने चहा घेतला, पण माझ्याकडे बघायचं धाडस केलं नाही.

तिची कात्री म्हणजे तर दुसरं अपत्य. काळी, वजनदार, ज्यांनी तिला शिवण शिकवलं त्या बाईंनी दिलेली. त्या कात्रीने कागद कापायचा नाही, दोरी कापायची नाही, आणि ताईखेरीज कुणी हात लावायचा नाही. मी एकदा घाईत दुधाची पिशवी कापली, तर पुढचे कित्येक दिवस ताई माझ्याशी बोलली नाही. आणखी एक नेम होता. ताई कापडाचा कापलेला तुकडा फेकत नाही. काम पुरं होऊन गिऱ्हाईक समाधानाने घरी जाईपर्यंत सगळं कातरण गुंडाळून, वर नाव बांधून ठेवायचं.

आणि चुकलं तर? धंद्यात चुकतंच. एकदा एका मास्तरांच्या कोटाचं कापड तिच्याकडून उलटं कापलं गेलं. मास्तरांनी भर रस्त्यात दुकानासमोर उभं राहून तिचा उद्धार केला. मी ड्यूटीवरून येत होते. खांद्यावर बॅग तशीच ठेवून मी त्या मास्तरांवर धावले, तर ताईने माझ्या दंडाला धरून मला पायरीवर बसवलं. म्हणाली, "त्यांचं कापड होतं, त्यांना बोलू दे." मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. मास्तर दमले. मग ही आत येऊन पाणी प्यायली आणि नवं कापड आणायला बाजारात गेली. मास्तर पुढे मरेपर्यंत तिच्याकडूनच कपडे शिवून घेत होते. हे लक्षात ठेवा, नंतर लागेल.

तर हिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. मी त्याला साहेब म्हणते. परदेशात नोकरी लागल्यापासून फोनवर "आय मीन" म्हणायला लागला, तेव्हापासून. हे साहेब परक्या शहरात एका म्हाताऱ्या बाईंच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेऊन एकटे राहत होते. त्यांनी आग्रह धरला, "आई, मावशी, महिनाभर सुट्टीला या. जन्मभर राबलात, आता आराम करा." आम्ही आलो. ताईने सामानात कात्री टॉवेलमध्ये गुंडाळून आणली. आरामाला चाललेल्या बाईला कात्री कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "असू दे गं, हाताला सवय आहे."

महिना संपत आला तेव्हा साहेबांनी तिकिटं पुढे ढकलली. थंडी ओसरेपर्यंत राहा म्हणाले. प्रेम होतं, नाही म्हणत नाही. पण रोज गरम जेवण, घडी घातलेले कपडे आणि चकचकीत घर मिळालं तर प्रेमाला जरा जास्तच भरती येते, एवढं मला कळतं.

मग आम्ही त्या शहरात बूड टेकवायला सुरुवात केली. कपडे धुवायचं मशीन तळघरात. तिथे कुणी कधी धुवायचं त्याच्या पाळीची पाटी लावलेली. कचऱ्याचे डबे वेगवेगळ्या रंगांचे. सालं कुठल्या डब्यात आणि बाटलीचं झाकण कुठल्या, यावरून आम्हा बहिणींची रोज जुंपायची. रस्ते स्वच्छ, पण इतके गप्प की मला माझ्याच आवाजाची लाज वाटायला लागली. मला! बसमध्ये कंडक्टर नाही. माणसं चढतात, खांबाला कार्ड टेकवतात आणि बसतात. कुणी टेकवतंय, कुणी नाही, बघायला कुणी नाही. माझा जीव वरखाली व्हायचा. मी एकेकाच्या हाताकडे अशी टक लावून बघायचे की एका माणसाने घाबरून दोनदा कार्ड टेकवलं.

ताई मात्र रमली. तिला भाषा येत नव्हती, पण हसून मान डोलवली की तिचं काम भागायचं. बेकरीच्या दुकानात बोटाने पाव दाखवायची, कोपऱ्यावरच्या बाकावर उन्हात बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पँटींच्या कडा तपासायची. खालच्या बाई, म्हणजे घरमालकीण, पांढऱ्या केसांच्या, काठी टेकत चालणाऱ्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला आल्याबरोबर फुलदाणी आणून दिली होती. ताईच्या डोक्यात तेव्हापासून घोळत होतं की या बाईंसाठी आपणही काहीतरी करावं.

आता आलं ते पडद्यांचं प्रकरण.

वरच्या मजल्यावर बसायच्या खोलीला दोन मोठ्या खिडक्या. त्यांना जाड, गडद निळे, जुने पडदे. कापड असं की ताईने पहिल्या दिवशी बोटांत धरून डोळे मिटले. पण लांब! चांगले हातभर जमिनीवर लोळत होते. झाडू मारताना अडकायचे, धूळ धरायचे. ताई रोज त्यांच्याकडे बघायची आणि रोज म्हणायची, "बिचाऱ्यांना कुणी आखूड करून दिले नाहीत गं." मलाही तसंच वाटलं. पडदा लोळतोय म्हणजे शिंपी मिळाला नाही, याशिवाय दुसरा अर्थ आमच्या घराण्यात कुणाच्या डोक्यात येणार?

एका दुपारी साहेब ऑफिसात असताना ताईने पडदे उतरवले, जमिनीवर अंथरले, खडूने रेघ मारली आणि काळी कात्री चालवली. मग मशीन नाही म्हणून संध्याकाळपर्यंत हाताने दुमड घातली. पुढून बघितलं तर एक टाका दिसेल तर शपथ. कापलेल्या पट्ट्या सवयीप्रमाणे गुंडाळून बॅगेत ठेवल्या. पडदे परत चढवले आणि लांब उभी राहून बघत बसली. माझ्याने राहवेना, मी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, साहेब घरीच होते. खालच्या बाई खिडकीची कडी बघायला वर आल्या. दारातच थबकल्या. काठी भिंतीला टेकवली, वाकून पडद्याची खालची कड हातात घेतली आणि तशाच राहिल्या. ताई कौतुक ऐकायला हसत पुढे सरकली. बाईंनी वर बघितलं तेव्हा त्यांचे गाल लाल झाले होते. त्या काहीतरी बोलायला लागल्या आणि साहेबांचा चेहरा उतरला. साहेब मध्येच त्यांच्या भाषेत भरभर बोलू लागले. बोलता बोलता ताईकडे बघितलं, स्वतःच्या डोक्याला हात लावला आणि एक मोठा उसासा टाकला. गॅस बंद केल्यावर वर आलेलं दूध खाली बसावं तसा त्या बाईंचा राग खाली बसला. त्या ताईजवळ आल्या आणि तिच्या गालाला हात लावून काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणाल्या रे?" ताईने विचारलं.

"छान झालेत म्हणाल्या."

"आणि तू डोक्याला हात कशाला लावलास?" मी विचारलं.

"केस मागे केले गं, मावशी."

मागे करायला त्याच्या डोक्यावर केस उरलेत किती! पण मी गप्प बसले. तिथेच चुकलं माझं. संशय आला की बोलून टाकायचं, हा माझा जन्माचा नेम त्या दिवशी मोडला.

त्यानंतर त्या शहराला ताईच्या प्रेमाचं भरतं आलं. खालच्या बाई एक दिवसाआड वाडग्यातून गरम, पातळ, मऊ काहीतरी घेऊन यायच्या आणि ताई ते संपवेपर्यंत समोर बसून राहायच्या. संपवलं की "ब्राव्हो" म्हणायच्या. समोरच्या दारातला माणूस जिन्यात दिसला की ताईचं कोपर धरून तिला खाली उतरवायचा. बेकरीवाली पाव देताना ताईच्या तळहातावर एक बिस्किट ठेवायची आणि तिची मूठ मिटून द्यायची. मला कुणी बिस्किट दिलं नाही. मला वाटलं, आपला चेहराच तसा.

"बघितलंस?" ताई म्हणायची. "उगाच म्हणतात परके लोक कोरडे असतात. आपल्या सख्ख्या दिरांनी कधी हात धरून उतरवलं का गं मला?"

मग एक दिवस ताईची कात्री दिसेना. साहेब म्हणाले, "एवढी मोठी कात्री इथे घरात ठेवायला परवानगी नसते, मी नीट ठेवलीये, जाताना देईन." ताईने विश्वास ठेवला. लेकाचं बोलणं होतं ना. मग गॅसच्या शेगडीची बटणं निघाली. साहेब सकाळी लावून द्यायचे आणि ऑफिसला जाताना खिशात घालून न्यायचे. "सुरक्षेचा नियम आहे, मावशी." असला कसला नियम, असं मी दोनदा विचारलं, दोनदा त्याला ऑफिसला उशीर होत होता. आणि मग खालच्या बाईंनी ताईला एक भेट आणली. रंगीत पेन्सिलींची डबी आणि चित्रांची वही. आत मांजर, फुगा, होडी, सगळं रेघांनी काढलेलं, आपण रंग भरायचे. ताईला वाटलं नातवंडांसाठी दिलीय. "अजून लग्न नाही झालं हो याचं," असं ती त्यांना हसून, लाजून, आपल्या भाषेत सांगत राहिली.

माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. तो बाहेर पडला तळघरात. मी एकटी कपडे मशीनमध्ये टाकत होते. खालच्या बाई आल्या, त्यांनी खिशातून फोन काढला आणि त्यात हळूच काहीतरी बोलल्या. फोन मराठीत बोलायला लागला. बातम्या देणाऱ्या पुरुषाचा आवाज.

"तुमच्या बहिणीचा आजार किती वर्षांपासून आहे?"

"कसला आजार?" मी फोनवर ओरडले.

फोनने त्यांना काहीतरी सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि परत फोनशी बोलल्या.

"तुमच्या भाच्याने मला सर्व सांगितले आहे. तिला काही कळत नाही, ती वस्तू कापते. कृपया लाज बाळगू नका. मी पडद्यांबद्दल रागावलेली नाही. मी शेजाऱ्यांना आणि दुकानात सांगून ठेवले आहे. सर्वजण लक्ष ठेवतील."

माझ्या हातातला साबणाचा डबा खाली पडला. मला बेकरीवाली आठवली, ते बिस्किट आठवलं. मिटून दिलेली मूठ आठवली. त्या क्षणी तो भाचा समोर असता तर त्याला त्या मशीनमध्ये घालून मी बटण दाबलं असतं. पण त्या बाईंना मी काही बोलले नाही. त्यांचा काय दोष? ज्याने ही घाण शिंपडलीय त्यानेच ती पुसायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

संध्याकाळी साहेब दारातून आत आले, बूट काढायच्या आधी मी त्यांना भिंतीला लावलं. ताई आत भाजी चिरत होती. म्हणजे भाजी कापायच्या बोथट सुरीने कशीबशी तोडत होती, कारण धारदार सुऱ्याही गायब झाल्या होत्या.

"आईला वेडी ठरवलंस? स्वतःच्या आईला?"

"मावशी, हळू."

"हळू गेलं खड्ड्यात! जिने टाचण्या तोंडात धरून तुला वाढवलं, तिला कळत नाही म्हणून गावभर सांगितलंस?"

"गावभर मी नाही सांगितलं. मी फक्त त्या बाईंना... अगं, ते पडदे त्यांच्या आईच्या घरातले होते. ती गेल्यावर घर विकलं, तेवढे पडदे त्यांनी आणले. तिथल्या खिडक्या उंच होत्या म्हणून ते इथे लोळायचे. त्यांनी मुद्दाम कापले नव्हते. आणि आईने सरळ कात्री चालवली! त्या रडकुंडीला आल्या होत्या, मावशी. घराचा करार संपतोय माझा. या शहरात घर मिळत नाही, तुला कल्पना नाही. मला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही."

"मग नंतर सुचायचं होतं! दुसऱ्या दिवशी सुचायचं होतं! चूक झाली, आईला माहीत नव्हतं, एवढं म्हणायला काय जीभ झडली असती?"

"आता खोटं बोललो असं सांगितलं तर त्या मला दारात उभं करणार नाहीत. आणि तुम्ही थोड्या दिवसांत परत जाणारच आहात ना? खालच्या म्हातारीला काय वाटतं, त्याने आईला काय फरक पडतो?"

"काय फरक पडतो?" असं मी म्हणणार होते, पण ते ताईच्या तोंडून आलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. हात पदराला पुसत होती, कोरडे झाले तरी पुसतच होती.

 

मग ताईने विचारलं ते भलतंच. "माझी कात्री कुठे आहे?"

साहेबांनी स्टूल घेतलं, कपाटावरच्या सुटकेसमागून कात्री काढली आणि दिली. ताईने पाती उघडून उजेडात बघितली, मिटली, टॉवेलात गुंडाळली. मग खुर्चीवर बसली.

"त्यांच्या आईचे पडदे होते?"

"हो."

"आणि मी त्यांना रोज हसून दाखवत होते," ताई म्हणाली. "रोज. त्या वाडगं घेऊन यायच्या आणि मी हसायचे. पडद्याकडे बोट करून हसायचे, बघा कसे झालेत म्हणून."

 

"आई, त्या रागावलेल्या नाहीत," साहेब म्हणाले. "खरंच. एका शब्दाने बोलल्या नाहीत."

"वेडीवर कोण रागावतं रे?" ताईचा आवाज चढला नाही, तिचा चढतच नाही, पण असा कोरडा मी कधी ऐकला नव्हता. "चूक माझी आहे. मोठी चूक आहे, विचारल्याशिवाय कापड कापलं, तेही असलं. जन्मात असं केलं नाही. त्याबद्दल मला बोलणी बसायला हवी होती. तू ती पण माझ्याकडून काढून घेतलीस. कात्री काढून घेतलीस, गॅस काढून घेतलास आणि चूकही काढून घेतलीस. मग माझं म्हणून काय राहिलं रे या घरात? पेन्सिली?"

"आई, मी तुला वाचवायला..."

"मला? की घराला?"

ताई म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर खाली चल आणि खरं काय ते सांग. मी माफी मागते." साहेब म्हणाले, "नवा करार होऊ दे, मग सांगू. दोन आठवडे थांब." मी काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यातलं अर्धं बसस्टँडवर शिकले होते. पण साहेब आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. रात्री कुणी जेवलं नाही. अर्धवट तोडलेली भाजी तशीच पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेब ऑफिसला गेले. जाताना शेगडीची बटणं ओट्यावर ठेवून गेले. एवढी तरी लाज. ताईने आंघोळ केली, केस नीट बांधले, चष्मा पुसला आणि बॅगेतून पट्ट्यांची गुंडाळी काढली. त्यावर तिने आपल्या पद्धतीने चिठ्ठी बांधली होती, "खालच्या बाई". मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चल. पण तोंड उघडायचं नाही."

"मी कशाला उघडतेय?"

"कात्री घेऊ का गं बरोबर? दाखवायला, मी शिंपीण आहे म्हणून?"

"ठेव ती इथेच! कात्री घेऊन दारात उभी राहिलीस तर त्या पोलीस बोलावतील."

एवढ्या ताणात ती फिसकन हसली. मग जिना उतरताना समोरच्या दारातला माणूस भेटला, नेहमीप्रमाणे तिचं कोपर धरायला पुढे झाला. ताईने हळूच त्याचा हात बाजूला केला, कठडा धरला आणि स्वतःची स्वतः उतरली.

खालच्या बाईंनी दार उघडलं, ताईला बघून तोंडभर हसल्या, गालाला हात लावायला गेल्या. ताई एक पाऊल मागे सरकली. मी खुणेने फोन मागितला. त्यांनी फोन काढून समोर धरला. ताई आयुष्यात कधी असल्या फोनशी बोललेली नव्हती. तिने घसा खाकरला आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तसं एकेक वाक्य सुटं करून बोलली.

"मी आजारी नाही. मला सगळं कळतं. मी शिंपीण आहे, आयुष्यभर कपडे शिवले. पडदे मी कापले. मला वाटलं, ते लांब झाले आहेत. मी तुम्हाला विचारलं नाही. ही माझी चूक आहे. माझा मुलगा घाबरला आणि तुमच्याशी खोटं बोलला. कापलेले तुकडे मी जपून ठेवले आहेत."

फोनने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. बाईंनी परत ऐकलं. मग ताईकडे बघितलं, नीट, चष्म्यावरून. पट्ट्यांची गुंडाळी बघितली. ती हातात घेतली, सोडली, त्यातली एक पट्टी उलगडून नाकाशी धरली. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं ते मऊ हसू गेलं.

देवा शपथ, त्या बाईंच्या अंगात एवढा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. काठी आपटून त्या बोलायला लागल्या. फोन सुरूच होता, आणि तो बातम्या देणारा माणूस त्याच थंड आवाजात आम्हाला सांगत होता: "ही माझ्या आईची वस्तू होती. मी लहान असताना या पडद्यांमागे लपत असे. तुम्हाला कोणी अधिकार दिला? तुम्ही पाहुण्या आहात. दुसऱ्याच्या घरात कोणी असे करते का?" वर बाई लालबुंद होऊन ओरडतायत, खाली हा सांगतोय जणू उद्याचं हवामान. थोड्या वेळाने बाईंनाच त्याचा वैताग आला. त्यांनी फोन बंद करून टेबलावर टाकला आणि मोकळेपणाने, आपल्या भाषेत, हातवारे करून ताईला झाडायला सुरुवात केली.

माझे हात शिवशिवत होते. माझ्या बहिणीला कुणी असं बोललेलं मी आजवर ऐकून घेतलेलं नाही. मी पुढे झाले, तर ताईने माझ्याकडे न बघता माझा दंड धरला आणि मला दाराशेजारच्या स्टुलावर बसवलं. त्या मास्तरांच्या वेळी पायरीवर बसवलं होतं, अगदी तसंच. ती स्वतः उभी राहिली. हात समोर बांधलेले, मान जराशी खाली. एक शब्द कळत नव्हता, तरी प्रत्येक शब्द ऐकत होती. आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं म्हणून सांगू, इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझी ताई मला ओळखू येत होती. दुकानातली ताई.

तेवढ्यात फाटक वाजलं. साहेब. ऑफिसात मन लागलं नसणार, अर्ध्या दिवसाने परत आले होते. आवाज ऐकून धावतच दारात आले. मालकीणबाई संतापलेल्या, आई मान खाली घालून उभी, मावशी स्टुलावर, हे सगळं बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते घाईघाईने मध्ये आले, एक हात आईच्या खांद्यावर ठेवला, दुसरा बाईंच्या पुढे केला, आणि दोन्ही भाषांत एकदम बोलायला लागले. "आई, तू वर जा. मावशी, हिला वर ने. मी बघतो, मी सांगतो त्यांना."

बाई बोलायच्या थांबल्या.

ताईने खांद्यावरचा तो हात धरून खाली ठेवला.

"तू मध्ये बोलू नकोस," ती म्हणाली. "त्या माझ्याशी बोलतायत."

साहेब बाजूला झाले. ताईने बाईंकडे बघून मान हलवली, बोला म्हणून. खालच्या बाईंनी काठी सावरली, दम घेतला आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली.